तोफ उसनी, निशाणा आपला : दुसऱ्या भाषेची लायब्ररी वापरून छापण्यायोग्य आलेख

 

आजचा विषय प्रेक्षकांनीच दिलेला आहे. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून जवळजवळ एकाच शब्दांत विचारणा आली : "सर, आमचं सगळं गणित ज्युलिया भाषेत आहे. आलेख मात्र पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये काढतात तसे हवेत, कारण ते शोधनिबंधात छापायचे आहेत. मग सगळं पुन्हा पायथनमध्ये लिहायचं का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, पुन्हा लिहायचं नाही. एका भाषेत बसून दुसऱ्या भाषेची लायब्ररी वापरता येते, आणि ती वापरणं ही पळवाट नाही, चांगली शिस्त आहे. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. आलेख काढणारं यंत्र दुसऱ्याचं असलं तरी आलेखाखालची सही आपली असते. त्यामुळे हद्द ओलांडताना आपल्या आकड्यांचं काय होतं, हे आपल्याला माहीत हवं. आजचा सगळा भाग त्याबद्दलच आहे.

एक सूचना. व्हिडिओत पडद्यावर कोड दिसतो. पुस्तकात मी आज्ञा शब्दांत सांगितल्या आहेत. अर्थ समजला की नेमकी आज्ञा शोधायला दोन मिनिटं लागतात. अर्थ न समजता उतरवलेली आज्ञा मात्र दोन दिवस खाते.

गरज कुठून येते

मी तोफखान्यातला माणूस. कॉलेजात गणित घेऊन पदवीधर झालो आणि तोफांचं शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीला, स्कूल ऑफ आर्टिलरीत घेतलं. आमच्याकडे 'प्लॉटिंग' हा शब्द संगणकाच्या फार आधीपासून आहे. चौकटीच्या कागदाचा मोठा फळा, त्यावर तोफेची जागा, त्यावर लक्ष्याची जागा, मग अंतर आणि दिशा मोजायची. त्या फळ्यावर टाचणी चुकीच्या चौकटीत लागली, तर पुढचं सगळं गणित बरोबर असूनही गोळा भलतीकडे जातो. म्हणून आलेख हा माझ्यासाठी सजावटीचा विषय कधीच नव्हता.

चंदीगडात हा विषय आणखी जवळचा आहे. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी डीआरडीओची संस्था इथेच आहे. पूर्वी ती 'सासे' या नावाने ओळखली जायची. २०२० साली ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर एकत्र होऊन 'डिफेन्स जिओइन्फर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट' झाली. उंचावरच्या चौक्यांवर राहिलेल्या प्रत्येक फौजीला हिमस्खलनाच्या इशाऱ्याची किंमत ठाऊक असते. कोणता उतार धोक्याचा, कोणत्या दिवशी तुकडी पुढे न्यायची नाही, हे शेवटी कोणीतरी काढलेल्या एखाद्या नकाशावर, एखाद्या आलेखावर ठरतं.

आमच्या ओळखीची एक संशोधक मुलगी अशाच विषयावर काम करते : बर्फाच्या थरांत उष्णता कशी शिरते, उताराच्या दिशेनुसार काय फरक पडतो. तिचं गणित ज्युलियात आहे. एका नियतकालिकाने तिचा निबंध आकृत्यांच्या तक्रारीवरून परत पाठवला. अक्षरं वाचता येत नाहीत, चित्र मोठं केलं की फुटतं, रंगांचा अर्थ लागत नाही. गणिताबद्दल एक शब्द नाही! ती वैतागली होती. तिच्याबरोबर बसून जे केलं, त्यावरूनच आजच्या भागाची टिपणं तयार झाली.

दोन भाषा, दोन स्वभाव

ज्युलिया जगासमोर आली २०१२ च्या फेब्रुवारीत. जेफ बेझान्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शाह आणि अॅलन एडेलमन या चौघांनी ती घडवली. विरल शाह हे नाव काहींनी आधार प्रकल्पाच्या संदर्भात ऐकलं असेल. लिहायला सोपी, तरीही वेगवान भाषा हवी, हा त्यांचा आग्रह. मोठमोठी समीकरणं सोडवायला ती उत्तम.

मॅटप्लॉटलिबची गोष्ट वेगळी. जॉन हंटर हे अमेरिकेतले मेंदूविज्ञानाचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत नीट पाहता यावेत म्हणून त्यांनी पायथनमध्ये आलेखाचं साधन लिहायला घेतलं. २००३ साली ते लोकांना खुलं झालं. हंटर २०१२ मध्ये, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले, पण त्यांचं साधन जगभरच्या लोकांनी पुढे वाढवलं. वीस वर्षांहून जास्त काळ हजारो शोधनिबंधांतून घासूनपुसून निघालेलं हे हत्यार आहे. अक्षावरच्या खुणा कुठे असाव्यात, दोन आलेख शेजारी ठेवताना त्यांचे अक्ष कसे जुळवावेत, असल्या शेकडो बारीक गोष्टी त्यात सोडवलेल्या आहेत. ते सगळं आपण पुन्हा का लिहायचं?

आणि गंमत बघा. मॅटप्लॉटलिब स्वतःसुद्धा उसनवारी करते. पडद्यावरचं चित्र रंगवण्याचं तिचं नेहमीचं काम 'अॅग' नावाची लायब्ररी करते, आणि ती सी-प्लस-प्लस या तिसऱ्याच भाषेत लिहिलेली आहे.

महाराष्ट्रातलंच एक ठळक उदाहरण देतो. पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागात प्राध्यापक असलेले प्रभू रामचंद्रन यांनी त्रिमितीय चित्रांसाठी पायथनमध्ये एक साधन उभं केलं. नाव 'मायावी'. विमानाच्या पंखाभोवतीची हवा, द्रवातले भोवरे असल्या गोष्टी त्यात फिरवून फिरवून पाहता येतात. मात्र त्यातलं जड काम 'व्हीटीके' करते. तीही सी-प्लस-प्लसमधली, १९९३ पासून वाढत आलेली लायब्ररी. मायावीने ती पुन्हा लिहिली नाही. पायथन लिहिणाऱ्या माणसाला ती सहज हाताळता येईल असा दुवा बांधला. २०११ साली रामचंद्रन आणि गाएल व्हारोको यांनी त्यावर लिहिलेला निबंध आजही संशोधक संदर्भासाठी देतात. तेव्हा दुसऱ्या भाषेची लायब्ररी वापरताना संकोच बाळगायचं काही कारण नाही.

पूल कसा चालतो

दोन मार्ग आहेत. फौजी भाषेत सांगतो.

पहिला मार्ग डिस्पॅच रायडरचा. ज्युलियाने आकडे एका फाइलीत लिहायचे, ती फाइल पायथनच्या प्रोग्रामने उचलायची आणि आलेख काढायचा. साधा, भरवशाचा मार्ग. पण आकड्यांत एक बदल केला की पुन्हा फाइल, पुन्हा प्रोग्राम. दिवसातून चाळीस वेळा आलेख बघायचा असेल तर रायडर दमतो, आणि कालची फाइल आज वाचली जाण्याचा धोका असतो.

दुसरा मार्ग ओपी ऑफिसरचा. पायदळाच्या कंपनीबरोबर तोफखान्याचा एक अधिकारी पुढे असतो. तोफा कित्येक किलोमीटर मागे असतात. कंपनी कमांडरला तोफ चालवता येत नाही, यायची गरजही नाही. त्याने लक्ष्य सांगायचं; ओपी ऑफिसर ते तोफेच्या भाषेत मागे कळवतो.

ज्युलियात हे काम 'पायकॉल' करतं. ते लिहिलं एमआयटीचे स्टीव्हन जॉन्सन यांनी, आणि त्याच्यावर उभं केलेलं 'पायप्लॉट' हेही त्यांचंच. यामागची युक्ती समजून घ्या. पायथनचा नेहमीचा दुभाष्या हा सी भाषेत लिहिलेला असतो आणि तो लायब्ररीच्या रूपातही मिळतो. ज्युलियाला सी भाषेतली कामं थेट बोलावता येतात. म्हणून ज्युलिया त्या दुभाष्यालाच आपल्या पोटात उतरवून घेते. वेगळा प्रोग्राम नाही, मध्ये फाइल नाही, एकाच प्रक्रियेत दोन्ही भाषा नांदतात.

आणखी एक फायदा. आकड्यांचा मोठा तक्ता ज्युलियातून पायथनकडे जाताना पायकॉल त्याची नक्कल करत नाही. तक्ता संगणकाच्या स्मृतीत जिथे आहे तिथेच राहतो, पायथनला फक्त पत्ता कळवला जातो. कोट्यवधी आकडे असले तर हा फरक जाणवतो. उलट दिशेने, म्हणजे पायथनकडून ज्युलियाकडे येताना, सहसा नक्कल होते.

आता याच कामाची नवी जोडीही आहे : 'पायथनकॉल' आणि त्यावरचं 'पायथनप्लॉट'. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ही जोडी घ्यावी असं माझं मत. हिच्यात प्रत्येक प्रकल्पाचा पायथन वेगळा सांभाळला जातो, त्यामुळे एका कामासाठी केलेला बदल दुसऱ्या कामाला धक्का लावत नाही.

हद्दीवरच्या तीन तपासण्या

आता खरा मुद्दा. हद्द ओलांडताना तीन ठिकाणी घात होऊ शकतो.

पहिली तपासणी : मोजणी कुठून सुरू होते? ज्युलिया एकापासून मोजते, पायथन शून्यापासून. चंदीगडचे सेक्टर एकापासून सुरू होतात, आणि त्याच सेक्टरातल्या इमारतीत मात्र आधी तळमजला आणि मग पहिला मजला. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. आपण कुठे उभे आहोत ते माहीत हवं. एका आकृतीत चार आलेख मांडले की लायब्ररी त्या चार चौकटींची यादी परत देते. पायकॉल ही यादी ज्युलियाच्या रूपात बदलून देतं, म्हणून पहिली चौकट एक नंबरची. पायथनकॉल ती पायथनच्याच रूपात ठेवतं, म्हणून पहिली चौकट शून्य नंबरची. जुना कोड नव्या जोडीवर नेताना इथे हमखास ठेच लागते.

दुसरी तपासणी : आडवं आणि उभं. नकाशावरची जागा सांगताना आम्ही आधी ईस्टिंग म्हणतो, मग नॉर्दिंग. आधी आडवं अंतर, मग उभं. हा क्रम प्रशिक्षणात अक्षरशः घोटून घेतला जातो. तक्त्याची रीत उलटी आहे : आधी ओळ, मग स्तंभ. आधी उभं, मग आडवं. उंच-सखल रेषांचा नकाशा काढताना मॅटप्लॉटलिब ही तक्त्याची रीत पाळते. ज्युलियात लिहिणारा मात्र सवयीने आधी पूर्व-पश्चिम आणि मग उत्तर-दक्षिण असा तक्ता भरतो. असा तक्ता पाठवण्याआधी आडवा-उभा फिरवून घ्यावा लागतो.

पूर्वेकडे २०० आणि उत्तरेकडे १५० बिंदू असतील, तर लायब्ररी लगेच ओरडते की मापं जुळत नाहीत. हे ओरडणं म्हणजे आपलं नशीब. पण जाळी चौरस असेल, समजा २०० गुणिले २००, तर ती गप्प बसते. सुंदर, नीटनेटका, छापण्यायोग्य नकाशा तयार होतो, ज्यात पूर्वेचं उत्तरेला गेलेलं असतं.

याचाच भाऊ म्हणजे वरचं खाली होणं. तक्ता थेट चित्रासारखा दाखवला की मॅटप्लॉटलिब पहिली ओळ वर ठेवते. आपल्या आकड्यांत पहिली ओळ दक्षिणेची असेल, तर दक्षिण वर जाते.

यात बिघडलं कुठे? आता बर्फाच्या उताराचा विचार करा. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाला जास्त पोषक. पण नुसता अंश पुरत नाही, तोंड कुठे आहे तेही बघावं लागतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन पडतं, बर्फ लवकर ओलं आणि जड होतं. उत्तरेकडचा उतार थंड राहतो आणि त्याच्या आतले कच्चे थर दिवसेंदिवस तसेच टिकून राहतात. नकाशा उलटा छापला गेला तर या दोघांची अदलाबदल होते. गणित बरोबर, रंग बरोबर, अक्षरं सुबक, आणि वाट दाखवली ती नेमकी धोक्याची. म्हणून मी म्हणतो, छापण्यायोग्य म्हणजे आधी खरा आणि मग देखणा.

यावर उपाय सोपा आहे. मैदानात नकाशा उघडला की आधी तो 'सेट' करायचा, म्हणजे नकाशाची उत्तर जमिनीच्या उत्तरेशी जुळवायची, हा आमचा पहिला धडा. तसंच इथे करा. खऱ्या आकड्यांआधी एक खोटा तक्ता पाठवा : सगळीकडे शून्य, फक्त आग्नेय कोपऱ्यात एक मोठा आकडा. आकृतीत तो ठिपका खाली उजवीकडे दिसला, तर पुढे चला. दुसरीकडे दिसला, तर थांबा. त्या मुलीबरोबर बसलो तेव्हा आम्ही सगळ्यात आधी हेच केलं, आणि आता ती प्रत्येक नव्या नकाशाआधी ते करते.

तिसरी तपासणी : 'नाही' आणि 'शून्य'. चंदीगडच्या मूळ आराखड्यात १३ नंबरचा सेक्टरच नव्हता. नव्हता म्हणजे तिथे रिकामं मैदान होतं असं नाही. तो नंबरच वगळलेला होता. आकड्यांचंही असंच. पर्जन्यमापकाची नोंद एखाद्या दिवशी राहून गेली, तर ती 'गहाळ'. पाऊस पडला नाही, तर तो शून्य. ज्युलियात गहाळ नोंदीसाठी वेगळी खूण आहे, पण पायथनच्या आकड्यांच्या तक्त्यात तिला जोड नाही. म्हणून पाठवण्याआधी ती 'हा आकडाच नव्हे' अशा अर्थाच्या खास चिन्हात बदलावी. मग मॅटप्लॉटलिब त्या जागी रेषा तोडते आणि वाचणाऱ्याला कळतं की इथे नोंद नाही. घाईत तिथे शून्य भरलं, तर आलेख खोटं बोलतो.

९ जुलै २०२३ आठवा. चंदीगडात २४ तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. असल्या दिवशी एखाद्या मापकाची नोंद गहाळ झाली आणि आलेखात तिथे शून्य आलं, तर पुढच्या वर्षी तो आलेख बघणारा माणूस काय समजेल?

छापण्यायोग्य म्हणजे नेमकं काय

आता देखणेपणाकडे वळू. चार कलमं पुरेत.

एक, आकार आधी ठरवा. बहुतेक नियतकालिकांत एका स्तंभाची रुंदी ८ ते ९ सेंटिमीटर असते, दोन स्तंभांची १७ ते १८. मॅटप्लॉटलिब इंचांत मोजते. साडेआठ सेंटिमीटर म्हणजे ३.३५ इंच. आकृती पहिल्यापासून त्याच मापाची काढा. दहा इंच रुंद आकृती काढून त्यात दहा पॉइंटची अक्षरं घातलीत, आणि छापणाऱ्याने ती स्तंभात बसवायला तिसऱ्या हिश्श्यावर आणली, तर अक्षरं साडेतीन पॉइंटच्याही खाली जातात. मुंगीलाही भिंग लागेल. "अक्षरं वाचता येत नाहीत" या शेऱ्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

दोन, रेषा असतील तर पीडीएफ किंवा एसव्हीजी. या प्रकारात चित्र ठिपक्यांचं नसतं, रेषांचं वर्णन असतं. कितीही मोठं करा, फुटत नाही. छायाचित्र किंवा उपग्रहाचं चित्र असेल तरच ठिपक्यांचा प्रकार घ्या, इंचाला किमान ३०० ठिपके ठेवा. साडेआठ सेंटिमीटरला हे साधारण १,००० ठिपके होतात. पडद्याचा फोटो काढून निबंधात चिकटवणं मात्र कायमचं बंद करा.

तीन, अक्षरांचा प्रकार. पीडीएफ करताना मॅटप्लॉटलिब मुळात 'टाइप ३' पद्धतीने अक्षरं भरते. काही प्रकाशक ती नाकारतात. एका सेटिंगमध्ये ३ च्या जागी ४२ हा आकडा दिला की ट्रूटाइप अक्षरं भरली जातात आणि तक्रार मिटते. पायप्लॉटमधूनही हे सेटिंग बदलता येतं. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच बदलून टाका.

चार, रंग. इंद्रधनुष्यासारखी 'जेट' नावाची रंगमाला वर्षानुवर्षं सगळीकडे वापरली गेली. तिची खोड अशी की मधला पिवळा रंग उगाच उठून दिसतो आणि जिथे आकड्यांत काही नाही तिथे डोळ्याला सीमारेषा भासते. स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी 'व्हिरिडिस' ही रंगमाला तयार केली. तिचा उजेड जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत समान पायऱ्यांनी वाढतो. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबने तीच मूळ रंगमाला केली. ती काळ्या-पांढऱ्या छपाईतही वाचता येते, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही.

हे शेवटचं फौजींना पटेल. भरतीच्या वेळी रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायला लावतात ना? ते कागद शिनोबू इशिहारा या जपानी लष्करातल्या डॉक्टरांनी भरतीच्या उमेदवारांसाठीच तयार केले आणि १९१७ साली प्रसिद्ध केले. फौजेने त्या माणसाला कदाचित परत पाठवलं असेल. पण तो तुमच्या निबंधाचा परीक्षक असू शकतो.

आपली वेलांटी

आता मराठी वाचकांचा खास प्रश्न. आलेखावर मराठी अक्षरं हवी असतील तर?

पहिल्या प्रयत्नात नुसते चौकोन दिसतात, कारण मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटात देवनागरी नाही. म्हणून मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा मोफत फाँट निवडायचा. मुक्ता मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला आहे. आता अक्षरं दिसतात, पण 'मिलिमीटर' विचित्र दिसतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते. 'पर्जन्य' मधला रफार ज च्या डोक्यावर बसत नाही, जोडाक्षर मोडून त्यात हलन्त उरतो.

कारण असं की देवनागरी नुसती अक्षरामागे अक्षर ठेवून लिहिली जात नाही. संगणकात 'म' आधी आणि वेलांटी नंतर साठवलेली असते. दाखवताना क्रम बदलावा लागतो, जोडाक्षरं घडवावी लागतात. हे घडवण्याचं काम करणारी वेगळी लायब्ररी असते, हार्फबझ नावाची. मी वापरतो त्या मॅटप्लॉटलिबमध्ये मजकुरासाठी हे घडवणं होत नाही.

दोन रस्ते सांगतो. एक, मॅटप्लॉटलिबला सांगायचं की तू फक्त रेषा काढ, अक्षरं झीलेटेककडून जुळवून घे. त्यासाठी तिच्यात 'पीजीएफ' नावाची सोय आहेच. झीलेटेक देवनागरी बिनचूक जुळवतं, निकाल छापील पुस्तकासारखा येतो, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

दोन, आर या भाषेची मदत घ्यायची. ज्युलियातून आरकडे जाण्यासाठी 'आरकॉल' हा दुवा आहे. तिकडची हॅडली विकहॅम यांची 'जीजीप्लॉट२' ही आलेखांची लायब्ररी प्रसिद्ध आहे, आणि चित्र जतन करताना 'रॅग' हे साधन वापरलं की वेलांटी आणि रफार जागच्या जागी. आता गंमत : रॅग रंगवण्यासाठी वापरतं तीही तीच अॅग लायब्ररी, जी मॅटप्लॉटलिब वापरते. रंगवणारा हात एकच. फरक एवढाच की रॅगने मजकुराच्या बाजूला हार्फबझ बसवलेलं आहे. या पुस्तकातले पावसाचे आलेख मी याच रस्त्याने काढले.

मराठीत आकृत्या काढणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं असं मला वाटतं. अक्षरं मोडतात म्हणून आपण आलेखावर इंग्रजी लिहितो, आणि मग मराठीत शास्त्र लिहिता येत नाही असं म्हणत बसतो. शास्त्र लिहिता येतं. योग्य लायब्ररी योग्य जागी जोडावी लागते, इतकंच.

उसनं कधी घेऊ नये

प्रत्येक कामाला तोफखाना बोलवत नाहीत. एकच आलेख एकदाच काढायचा असेल तर फाइल लिहा आणि पायथनमध्ये काढा, डिस्पॅच रायडर पुरे. तुमचा प्रोग्राम दुसऱ्या दहा जणांच्या संगणकांवर चालायचा असेल, तर प्रत्येकाकडे दोन भाषा नांदवणं जड जातं. तिथे ज्युलियातच घडलेली 'माकी' ही लायब्ररी बघा. ती आता चांगलीच सक्षम आहे. आणि दुवा वापरलात तर दोन्ही भाषांच्या आणि लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवा. परीक्षक सहा महिन्यांनी विचारतो, "दुसरी आकृती पुन्हा काढून द्या", तेव्हा ही नोंदच कामाला येते.

शेवटी श्रेय. मॅटप्लॉटलिब वापरली तर हंटर यांचा २००७ चा निबंध संदर्भात द्या. मायावी वापरलं तर रामचंद्रन-व्हारोको यांचा. मोफत मिळालं म्हणजे नाव घ्यायचं नाही, असं नसतं. तोफा मागून चालल्या तरी लढाईच्या अहवालात तोफखान्याचं नाव असतं.

आजचा गृहपाठ : तुमच्या एखाद्या नकाशासाठी आग्नेय कोपऱ्याचा ठिपका टाकून बघा आणि तो कुठे उमटला ते मला कळवा. आलेखाची अक्षरं मराठीत असतील तर अजून आनंद. पायथनची ओळखच नसेल, तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. तिथे संगणकाच्या अनेक विषयांचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात.

पुढच्या भागात अक्ष कुठून सुरू करावा, शून्यापासून की मधूनच, यावर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या. जय हिंद, जय महाराष्ट्र!